दोरा सरला की मान वर

घरी येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने मला हे विचारलंय. भिशीच्या मैत्रिणींनी, व्याह्यांनी, गॅसचा सिलिंडर घेऊन येणाऱ्या मुलानेसुद्धा. "आत एवढा हॉल आहे, पंखा आहे, शिलाई मशीन आहे. मग मागच्या पडवीत भुईवर बसून हाताने गोधडी का शिवता?" मी "सवय आहे" एवढंच म्हणते आणि चहा टाकायला उठते. पण ते काही खरं उत्तर नव्हे. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

आमचं घर साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या बाजूला. मागे अर्ध्या गुंठ्याचा परस. त्यात एक अंजीर, एक कढीलिंब, जास्वंदी, कर्दळ, आणि कुंपणापलीकडे कुणी न लावलेला उंबर. या पडवीची जागा माझी नव्हे, सासूबाईंची. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या इथेच बसायच्या. त्या गोधडीला वाकळच म्हणत. जुनी लुगडी धुऊन, खळ काढून, उन्हात कडक वाळवायची. खाली अस्तर अंथरायचं, वर एकेक थर हाताने सपाट करत न्यायचा, चारी कोपऱ्यांवर वरवंटा, अडकित्ता, तांब्या असं जे जड सापडेल ते ठेवायचं, आणि मग कच्चे टाके घालून सगळं एकजीव करायचं. धावदोरा कडेपासून सुरू करायचा आणि चौकोनात फिरत फिरत मध्यावर यायचं. मधून बाहेर गेलं तर कापडाला झोळ येतो आणि तो शेवटी कडेला गोळा होतो. हे त्यांनी मला सांगितलं नाही. एकदा मला मधून सुरू करू दिलं आणि मग शेजारी बसून सगळं उसवलं.

त्यांनी तोंडाने सांगितलेली गोष्ट एकच. दोरा हातभरच घ्यायचा. लांब घेतला की पीळ पडतो, गाठी बसतात. आणि, "दोरा सरला की मान वर करायची, पोरी. लांबचं कायतरी बघायचं. मग सुई ओवायची." त्यांचे डोळे शेवटपर्यंत चांगले राहिले ते यामुळेच, असं त्या म्हणायच्या. ते तसंच असेल-नसेल, पण एका गोधडीत असे शेकडो दोरे सरतात. म्हणजे शेकडो वेळा मान वर होते. हॉलमध्ये मान वर केली तर भिंत दिसते. पडवीत काय दिसतं, ते सांगते.

पहिल्यांदा मला दिसला तो तांबट. खरं तर आधी ऐकू आला. उन्हाळ्याच्या दुपारी उंबरावरून टुक, टुक, टुक, एका लयीत, भांड्यावर ठोका पडावा तसा. अंग हिरवं, कपाळ लालभडक, गळा पिवळा आणि त्याखाली लाल पट्टा, चोच मिटलेली आणि प्रत्येक ठोक्याला गळा फुगणारा. उंबर पिकला की तो हमखास येतो. मग तारेवरचा कोतवाल दिसला. काळा, दुभंगलेल्या शेपटीचा, घारीच्यासुद्धा मागे लागणारा. हिवाळ्यात शेपटी खालीवर आपटत धुण्याच्या दगडाशी फिरणारा धोबी. उंबराच्या खोडावर सुतार. आणि जास्वंदीत शिंपी. तांबट, कोतवाल, धोबी, सुतार, शिंपी! आपल्या माणसांनी पक्ष्यांना नावं ठेवताना अख्खा गावगाडाच झाडांवर बसवलाय. ज्यांनी ही नावं दिली तेसुद्धा हातातलं काम करता करता मान वर करणारे असणार, असं मला फार वाटतं. पुस्तक बघून कोणी पक्ष्याला तांबट म्हणणार नाही.

यातला शिंपी मला सगळ्यात जवळचा, हे उघडच आहे. माझ्या अंगठ्याएवढं अंग, पाठ हिरवट, डोक्यावर तांबूस टोपी, शेपटी कायम उभी, आणि आवाज मात्र अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढा. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मादीने अंजिराच्या एका पानावर काम सुरू केलं. माझ्यापासून आठ-नऊ फुटांवर. लेकीची लेक तेव्हा सुट्टीला आली होती, सात वर्षांची. आम्ही दोघी हलेनाशा झालो.

ती पानाच्या कडेला चोचीने बारीक भोक पाडते. मग कोळ्याच्या जाळ्याचा नाहीतर झाडाच्या सालीचा तंतू त्यातून ओढते. गाठ मारत नाही. तंतूचं टोक बाहेर पिंजारलं जातं आणि तेच अडकून बसतं, रिव्हेट बसावा तसं. म्हणजे तिचा प्रत्येक टाका सुटा. माझा धावदोरा एका टोकाला उसवला की पुढचं सगळं ढिलं होतं. तिचा एक टाका निघाला तरी बाकीचे जागेवर. भोकं इतकी बारीक की पान करपत नाही, देठाला तसंच हिरवंगार लटकत राहतं. पानाची वरची बाजू बाहेर ठेवलेली, त्यामुळे शेजारच्या पानांत ती पिशवी ओळखूच येत नाही. सासूबाई असत्या तर त्यांनी तो टाका हातात घेऊन बघितला असता. मी नातीला पायरीच्या खाली उतरू दिलं नाही, स्वतःही उतरले नाही. अंजिराचं पाणी त्या दिवसांत संध्याकाळी उशिरा, लांबून पाइपने.

नातीने एक युक्ती काढली. माझ्या डब्यातले लाल-पिवळे दोऱ्याचे तुकडे कठड्यावर ठेवायचे, म्हणजे घरट्याला रंगीत टाके पडतील. मी नाही म्हणाले, आणि हे तुम्हालाही सांगते. लांब दोरा, विशेषतः नायलॉनचा, पक्ष्यांच्या पायात गुंडाळला जातो आणि आवळत जातो. संक्रांतीनंतर एकदा मांजाचा तुकडा पायाला अडकलेली साळुंकी मी याच परसात पाहिली आहे. तिचा पाय गेला होता. तेव्हापासून दोऱ्याचा एकही तुकडा पडवीत पडू देत नाही. शिवून झालं की हात फिरवून गोळा करते. दोऱ्याऐवजी आम्ही जुन्या उशीतला कापूस पिंजून कठड्याच्या खिळ्याला अडकवला.

दोरा नाही म्हटल्यावर ती थोडी रुसली. मग मी तिला सुई दिली. गोधडीच्या कोपऱ्यात हिरव्या लुगड्याचं एक ठिगळ होतं, ते तिचं. तिचे टाके कुठे तांदळाएवढे, कुठे चिंचोक्याएवढे. मी एकही उसवला नाही. ती गोधडी आज माझ्या पलंगावर आहे.

आणि मग तो दिवस. पिल्लं निघून चार दिवस झाले होते, नर-मादी दोघंही अळ्या घेऊन ये-जा करत होती. सकाळी नऊच्या सुमारास भारद्वाज आला. लालसर पंख, लाल डोळा. नात आनंदाने ओरडली, कारण भारद्वाज दिसणं शुभ हे तिला मीच शिकवलं होतं. तो जमिनीवरून चालत आला, अंजिरावर चढला, फांदी वाकली. मी उठून हाकलेपर्यंत पान फाटलं होतं. आत काही नव्हतं.

"आजी, तो शुभ कसा?"

मी सुई हातात धरून बसून राहिले. त्यालाही कुठेतरी पिल्लं असतील, तो गोगलगायी खातो, सापाची पिल्लं खातो, हे सगळं मला माहीत आहे. पण समोर शिंप्यांची जोडी फाटक्या पानाभोवती ओरडत फिरत असताना ते सांगवेना. मी तिला जवळ घेतलं. दुपारी दोघीही जेवलो नाही. तिचे आजोबा ताट झाकून ठेवून आमच्याजवळ नुसते बसून राहिले. संध्याकाळी त्यांनीच सांगितलं, "भारद्वाज वाईट नाही, बाळ. पण आज आपल्याला वाईट वाटलंय." याहून चांगलं मला अजून सुचलेलं नाही.

आठवड्याभरात मादीने दुसरं पान धरलं, या वेळी कर्दळीशेजारच्या, खालच्या फांदीवर. जूनमध्ये शाळा सुरू झाली म्हणून नातीला जावं लागलं. रोज रात्री फोन यायचा. बाकीची विचारपूस नंतर, आधी "पान आहे ना?" अंडी बारा-तेरा दिवस उबवतात. पिल्लं पुढच्या दोन आठवड्यांत उडतात. एवढे दिवस रोज मी दोरा सरला की पान बघत होते. पहिल्या मोठ्या पावसात ती पिशवी गदगदा हलली, पण एकही टाका सुटला नाही. जूनच्या शेवटी एका सकाळी तीन आखूड शेपट्या जास्वंदीत दिसल्या. मी फोन लावला तेव्हा ती शाळेच्या बसमध्ये चढत होती. नंतर लेकीने सांगितलं की पोरीने बसमधल्या सगळ्यांना बातमी दिली.

तर हे असं आहे. अंजीर आम्ही पावसाळ्यात छाटत नाही, तेही त्यामुळेच. कढीलिंबाच्या दोन फांद्या अळ्यांनी फस्त केलेल्या असतात. पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या त्या अळ्या पुढे हिरव्या होतात, त्यांतून फुलपाखरं निघतात. फोडणीला उरलेल्या फांद्या पुरतात.

दिवाळीला नात आली तेव्हा ते पान वाळून देठापासून सुटायला आलं होतं. आजोबांनी ते अलगद उतरवून दिलं. आम्ही दोघींनी पडवीत कागदावर ते उलगडलं. आत गवताच्या काड्या होत्या, केस होते आणि बोटभर जाडीचा पांढरा मऊ थर होता. कुंपणाजवळ रुई आहे, तिच्या म्हाताऱ्या उन्हाळाभर उडत असतात. नातीने चष्म्याचं भिंग धरून बघितलं, मी बोटांनी चाचपून बघितलं. त्यातली रुईची म्हातारी कोणती आणि आमच्या उशीतला कापूस कोणता, ते दोघींनाही ओळखता आलं नाही.