पनवेल ते कुडाळ: आईच्या आधी मी जाऊन आले

कोकणकन्या एक्सप्रेस पनवेलला येते मध्यरात्रीनंतर, साधारण साडेबाराला. हे ठाऊक असूनही शुक्रवारी रात्री निघायचं म्हणून मी शुक्रवारचंच तिकीट काढायला बसले होते. आई फोनवर होती. म्हणाली, "अगं, बारा वाजले की तारीख बदलते ना?" बदलतेच! शुक्रवारी जेवून घराबाहेर पडायचं, तर पनवेलपासूनचं तिकीट शनिवारच्या तारखेचं हवं. नाहीतर आपण स्टेशनावर पोचतो आणि आपली गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली असते. मुंबई-ठाण्याहून चढणाऱ्यांना हा घोळ नाही.

पंधरा दिवसांनी आई आणि मावशी याच गाडीने जाणार आहेत. दोघींचं तिकीट मी एकत्र काढलं, माझं नाव त्यात घातलं नाही. पंचेचाळीस वर्षांवरच्या बायका एकट्या किंवा दोघीच असतील, तर शिल्लक असल्यास लोअर बर्थ आपोआप मिळतो. बरोबर तरुण माणूस जोडला की ती सोय जाते. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. गणपतीत जायचं असेल तर त्या दिवशी सकाळी आठला तयारच बसा.

सामानाबद्दल आईचं आणि माझं पटलं नाही. मला चाकांची मोठी बॅग हवी होती. ती म्हणाली, चाकं जिन्यावर काय कामाची? कुडाळला गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते, आणि दाराशी आपल्याआधी चार माणसं उभी असतात. शेवटी भरलेली बॅग उचलून इमारतीचे दोन मजले चढून पाहिले. धाप लागली. जाड टॉवेल, जास्तीची चप्पल आणि 'लागलीच तर' म्हणून घेतलेले दोन ड्रेस तिथेच बाहेर निघाले. थ्री एसीत चादरी, उशी, ब्लँकेट मिळतं, पण अप्पर बर्थवर एसीचा झोत थेट डोक्यावर येतो, तेव्हा आईने कोंबलेला स्कार्फच कामी आला. हे तिला अजून सांगितलेलं नाही.

पर्समध्ये वेगळं ठेवा: ओळखपत्र, औषधं, पाणी, चार्जर. रात्री अकरानंतर बरेचदा चार्जिंग बंद असतं, म्हणून फोन घरूनच भरून न्या. बॅग सीटखाली साखळी-कुलूप लावून ठेवली की झोप लागते.

घरच्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. या मार्गावर नव्वदहून जास्त बोगदे आहेत. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुडे तर साडेसहा किलोमीटरचा. तिथे फोन लागत नाही. पहाटे जाग आली तेव्हा आईचे सहा मिस्ड कॉल होते.

सहाला मधला बर्थ खाली करायचा असतो, त्यामुळे त्यानंतर लोळायची आशा सोडा. कणकवली गेली की आवराआवर सुरू करा.

येताना एक रिकामी कापडी पिशवी हवीच. कोकम, काजू, आगळ (कोकमाचा घट्ट रस) यांना घरी भरलेल्या बॅगेत जागा नसते. मी आगळाची बाटली कपड्यांत आडवी ठेवली. पांढरा कुर्ता गेला. बाटली पिशवीत बांधून स्टीलच्या डब्यात उभी ठेवायची, हे मला आईने नंतर सांगितलं. कुर्त्याबद्दल तिने काही विचारलं नाही. आगळ किती उरलं, तेवढं विचारलं.