अकरावं कलम

सकाळी साडेनऊला आमची शेअरविक्री हाताळणाऱ्या मर्चंट बँकरचा फोन आला. "इश्यू तूर्त मागे घ्या. औषध संशोधनाच्या शेअर्सना सध्या कुणी हात लावत नाहीये."

मी एका छोट्या संशोधन कंपनीचा वित्त विभाग सांभाळते. विक्री शून्य, खात्यात सात महिन्यांची बेगमी. बँक कर्ज देईना, कारण तारण ठेवायला होता नव्या औषधाचा एक रेणू आणि त्याची पेटंटं.

दुपारी एका मोठ्या औषध कंपनीची टर्म शीट, म्हणजे भागीदारीच्या अटींचा मसुदा, आली. सुरुवातीची घसघशीत रक्कम, संशोधनाचा प्रत्येक टप्पा गाठल्यावर माइलस्टोनचे पैसे, पुढे विक्रीवर रॉयल्टी. सगळ्यांच्या जिवात जीव आला. मी करार नेहमी शेवटाकडून वाचते. अकराव्या कलमात होतं: भागीदार 90 दिवसांच्या नोटिशीवर बाहेर पडू शकेल, रेणूचे हक्क आम्हाला परत मिळतील. चाचण्यांच्या माहितीबद्दल मात्र अवाक्षर नव्हतं. म्हणजे ते गेले, तर रुग्णांवर झालेली सगळी चाचणी आम्हाला पहिल्यापासून करावी लागणार.

बाजार आटला की पैशाची किंमत हक्कांत मोजावी लागते, हे मी वाचून होते. अर्थतज्ज्ञ जॉश लर्नर आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये जैवतंत्रज्ञानातल्या करारांबद्दल हेच दाखवलं होतं: भांडवलाच्या टंचाईत झालेल्या करारांत नियंत्रण मोठ्या कंपनीकडे जास्त जातं, आणि बाजार सुधारला की त्याच करारांची फेरबोलणी जास्त होतात. पण फेरबोलणी करायला आधी हातात काहीतरी राहायला हवं! जेनेंटेक या जैवतंत्रज्ञान कंपनीनं 1978 मध्ये इन्सुलिनसाठी एली लिली या मोठ्या औषध कंपनीशी करार केला आणि 1980 मध्ये 35 डॉलरला शेअर विकायला काढला. पहिल्याच दिवशी तो 88 पर्यंत चढला. चांगला करार पुढे बाजाराचं दार उघडतो, हे मला मनापासून पटतं. म्हणून तर त्या कलमाची धास्ती वाटली.

संशोधन प्रमुख मॅडमना दाखवलं. त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "पैसे कमी घ्या, पण माहिती सोडू नका."

रात्री पावणेबारापर्यंत ताणाताणी चालली. सुरुवातीच्या रकमेचा पाचवा हिस्सा सोडला, रॉयल्टीही थोडी खाली आली. बदल्यात एक ओळ पदरात पडली: करार संपल्यास चाचणीची संपूर्ण माहिती, तयार औषधाच्या साठ्यासह, 60 दिवसांत परत.

एकोणीस महिन्यांनी त्यांचं धोरण बदललं आणि नोटीस आली. ठरल्या मुदतीत रुग्णांच्या नोंदींसह सगळी माहिती आमच्या सर्व्हरवर उतरली. मॅडमनी त्याच संध्याकाळी पुढच्या भागीदारासाठी सादरीकरण उघडलं.