स्पीकरच्या पायाखाली

कमरेएवढा उभा स्पीकर खोक्यातून काढला की तळाशी एक छोटी पिशवी सापडते. तिच्यात चार टोकदार स्पाइक, अगदी भोवऱ्याच्या आरीसारखे. हौसेने ते लगेच पिळून बसवले जातात, आणि नव्या लाकडी फ्लोअरिंगचा घात तिथेच होतो.

ही आर मुळात गालिच्यासाठी. जाड गालिच्यावर स्पीकर डुलतो. आर लोकरीतून आरपार जाऊन खालच्या पक्क्या जमिनीला टेकते आणि डुलणं थांबतं. आपल्या घरात गालिचा कुठला? २० किलोचा स्पीकर म्हणजे प्रत्येक आरीवर ५ किलो, तेही जेमतेम १ मिलिमीटरच्या ठिपक्यावर. इथे सागवानही दबतं. लॅमिनेटचा वरचा पापुद्रा कडक खरा, पण त्याखाली नुसता दाबलेला भुसा.

आरीखाली २५ मिलिमीटर व्यासाची पितळी वाटी ठेवली की तोच भार ६२५ पट जागेवर पसरतो. वाटीच्या बुडाला फेल्ट, म्हणजे नमद्यासारखं जाड मऊ कापड, हवंच. काटकसरी माणसं दहाचं नाणं ठेवतात. २७ मिलिमीटरचं असल्याने माप जुळतं, पण मधे खळगा नसल्यामुळे जरा धक्का लागला की आर घसरते आणि लाकडावर लांबलचक रेघ उमटते. वाटीतला खळगा त्यासाठीच असतो.

खरं तर आर सगळ्यात शेवटी लावावी. आधी स्पीकर घडी घातलेल्या सतरंजीवर ठेवून जागा शोधायची. भिंतीपासून वीतभर पुढे, मग दोन विती, असं सरकवत ऐकायचं. भिंतीला चिकटला तर खर्ज घुमतो, फार पुढे आला तर पोकळ वाटतो. चार-आठ दिवस ऐकून जागा ठरली की मगच स्पीकर गोधडीवर आडवा करून आरी पिळाव्यात. उभा करताना दोघं लागतात: एकाने सरळ उचलायचा, दुसऱ्याने वाट्या सरकवायच्या. एकट्याने कलता करून दोन आरींवर फिरवला, तर सगळा भार त्या दोघींवर येतो आणि लाकूड खरवडलं जातं. शेवटी माथ्यावर पाणसळ ठेवून डुलणारी आर कमी-जास्त करायची आणि लॉकनट आवळायचा.

आरींची कटकटच नको असेल तर १८ मिलिमीटर जाडीचा कडप्पा ३० बाय ४० सेंटिमीटरचा कापून, कडा घासून घ्यावा. वजन पावणेसहा किलोच्या आसपास भरतं. त्याची खालची बाजू खरखरीत असते, म्हणून कोपऱ्यांवर ठिगळं न लावता पूर्ण बुडाला फेल्ट चिकटवावं. रबरी पाय दिसायला निरुपद्रवी, पण रबरातली द्रव्यं पॉलिशमध्ये उतरतात आणि काही महिन्यांनी पिवळट गोल डाग दिसतो. तो पुसून जात नाही.

जुन्या वाड्याच्या माडीवर गणित वेगळं. तिथली फळ्यांची जमीन म्हणजे तबल्याची ताणलेली पुडीच, खर्ज लागला की तीही वाजते. फळ्यांवरच्या खिळ्यांच्या रांगा पाहाव्यात. रांगेखाली तुळई असते, तिच्यावरच स्पीकर उभा करावा.

खळगा पडलाच तर? अस्सल लाकूड असेल, वर जाड पॉलिश नसेल आणि तंतू तुटले नसतील, तर ओलं सुती फडकं ठेवून गरम इस्त्री दहा-दहा सेकंद टेकवावी. दबलेले तंतू वाफेने फुगून वर येतात. लॅमिनेटवर हा प्रयोग केला तर भुसा फुगतो आणि खळग्याच्या जागी फोड येतो. तिथे रंग जुळणारी मेणकांडीच भरावी.

एक धोका मात्र रोज सकाळी घरात येतो: पोछा. मागची धूळ काढायला स्पीकर बोटभर ओढला की आर वाटीबाहेर. म्हणून स्पीकर आणि भिंत यांच्यामध्ये पोछ्याची दांडी फिरेल एवढी जागा सोडावी. फेल्टही दिवाळीच्या साफसफाईत उलटून पाहावं. त्यात वाळूचा कण अडकलेला असतो, तो न दिसता पॉलिश घासत राहतो.