तीन पाव

आज सकाळी गिरगावात बेकरीपुढे रांगेत उभी होते. पुढच्या आजी म्हणाल्या, "अर्धी लादी पाव दे, आणि पाव किलो खारी." भाचीने लगेच माझा हात ओढला. "मावशी, हे दोन्ही पाव एकच का गं?"

एकच नाहीत! खायचा पाव पोर्तुगीजांकडून आला, त्यामागे लॅटिन 'पानिस'. हाच शब्द त्यांच्याबरोबर जपानलाही पोचला, तिथे ब्रेडला 'पान' म्हणतात. आपलं पान मात्र 'पर्ण'वरून आलेलं. किती सुंदर आहे हे!

किलोचा पाव संस्कृत 'पाद'चा. पाद म्हणजे पाय, आणि चौथा हिस्साही. जनावराच्या चार पायांतला एक. हिंदीतला 'पाँव' त्याच घरचा, इंग्रजी 'फूट' लांबचा भाऊबंद. घड्याळात पावणेआठ झाले होते, त्यातही तोच: पाद-ऊन, पाव कमी.

परतताना देवळापाशी एक काकू डोळे मिटून पुटपुटत होत्या, "देवा, पाव रे." हा तिसरा, 'प्राप्'मधून आलेला. भाची थबकली. कागदातली गरम लादी तिने छातीशी धरली होती. कडेचा एक पाव ओढून तोडला, वाफ निघाली, अर्धा मला दिला.

"मावशी, आता हा कितवा?"