अपर लावला की फॉग विझतात: पिकअपमध्ये नेमकी कुठली वायर बदलायची

कुंभार्ली किंवा केळघर घाटात रात्री अपर, म्हणजे हेडलाइटचा लांबचा झोत, मारला की लांबचं वळण दिसतं, पण बंपरपुढची साइडपट्टी आणि डावीकडची चारी काळोखात जाते. बऱ्याच पिकअपमध्ये नेमके त्याच वेळी फॉग, म्हणजे बंपरमधले खालचे दिवे, विझतात. हा बिघाड नव्हे, कंपनीची जोडणीच तशी असते. गळीत हंगामात कराड-वाळवा पट्ट्यात बिनारिफ्लेक्टरची उसाची ट्रॉली कडेला उभी असली, तर तो कडेचा उजेड फार मोलाचा. म्हणून अपरवरही फॉग चालू राहतील अशी जोडणी करायची.

दाट धुक्यात मात्र याचा उपयोग नाही. पाचगणीच्या पावसाळी धुक्यात अपर लावला की पाण्याच्या कणांवरून उजेड उलटा डोळ्यांवर येतो आणि समोर नुसता पांढरा पडदा. तिथे डिपर (हेडलाइटचा जवळचा झोत) आणि फॉग, बस्स. आपलं काम कोरड्या, मोकळ्या रात्रीसाठी.

फॉगचा जाड करंट रिलेच्या (बारीक करंटने जाड करंट चालू-बंद करणारा स्विच) ३० आणि ८७ या पिनांतून जातो. ५५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे ११० वॅट, १२ व्होल्टला सव्वानऊ अँपिअरच्या आसपास. त्या वायरींना हात लावायचा नाही. रिले ओढणारी कॉइल ८५ आणि ८६ वर असते, ती जेमतेम ०.१५ ते ०.२ अँपिअर घेते. बदल करायचा तो फक्त इथे.

आधी तपासणी. फॉगचा रिले उपसा, चावी ऑन, डिपर आणि फॉगचा स्विच चालू. मल्टिमीटरची काळी तार बॉडीला, लाल तार सॉकेटमध्ये आधी ८५ ला, मग ८६ ला. एकीवर १२ व्होल्ट, दुसरीवर शून्य दिसेल. आता अपर लावून पुन्हा मोजा.

१२ व्होल्टची पिन शून्यावर आली, तर कॉइलचा प्लस डिपरच्या लाइनीतून घेतलाय. उलट शून्याची पिन १२ व्होल्ट दाखवू लागली, तर कॉइलचा अर्थ (अर्थिंग, म्हणजे मायनसची वाट) अपरच्या वायरमधून आहे. ही जुनी युक्ती आहे: अपर बंद असताना त्याच्या फिलामेंटमधूनच कॉइलला अर्थ मिळतो, अपर लागला की दोन्ही टोकांना प्लस येतो आणि रिले सुटतो. दोन्ही आकडे जागचे हलले नाहीत, तर अर्थ इलेक्ट्रॉनिक मॉड्युलमधून तुटत असणार. अशा नव्या गाडीत वायर कापू नका, मॉड्युलचा खर्च फॉगच्या कित्येक पट होईल.

अर्थवाला प्रकार सर्वांत सोपा. बॅटरीची निगेटिव्ह काढा, अपरकडून येणारी ती बारीक वायर तोडून तिचं टोक नीट बंद करा, आणि रिलेच्या पिनेपासून १ चौरस मिलिमीटरची वायर बॉडीच्या बोल्टला न्या. बोल्टखालचा रंग खरवडून पत्रा उघडा केल्याशिवाय लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) आवळू नका.

प्लसवाल्या प्रकारात डिपरची वायर सोडवून कॉइलला पार्किंग लाइटचा प्लस द्या. मग नुसत्या पार्किंगवरही फॉग लागतील. ते नको असेल तर डिपर आणि अपर दोन्हीकडून वायर घ्या, पण प्रत्येकीत एक वन-एन-४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), पट्टीची बाजू कॉइलकडे. हा डायोड १ अँपिअरचा असतो, कॉइलला पुरून उरतो.

डायोड वगळून दोन्ही वायरी सरळ पिळायच्या, हा शॉर्टकट फार महागात पडतो. हेडलाइटचे दोन्ही फिलामेंट एकदम पेटतात. एच-४ बल्बमध्ये ६० आणि ५५ मिळून ११५ वॅटची उष्णता एका काचेत, मग होल्डर वितळतो नाहीतर फ्यूज उडतो. डॅशबोर्डवरचा निळा दिवा डिपरवरही पेटू लागला तर समजा, कुठेतरी करंट उलटा फिरतोय. काही गाड्यांत हेडलाइटला प्लस कायम असतो आणि स्विच अर्थ तोडतो. तिथे डायोडची ही जोडणी चालणारच नाही, पार्किंगचा प्लसच घ्यावा.

जोड क्रिम्प करून (पकडीने दाबून) वर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. नुसता टेप पाटण-महाबळेश्वरचा एक पावसाळा काढत नाही. पाणी शिरतं, तांब्यावर हिरवं किटण चढतं. वेगळा रिले बसवलात तर पिना खाली तोंड करून. फ्यूज १५ अँपिअरचाच. उडतोय म्हणून ३० चा घालणं म्हणजे वायरिंगलाच फ्यूज करणं.

फॉगचा मूळ स्विच लाइनीत राहायलाच हवा. पुढ्यात जास्त उजेड पडला की बाहुली आकसते आणि लांबचं फिकं दिसतं, म्हणून हायवेच्या सरळ पट्ट्यात फॉग बंद. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलांवर बंधन घालतं, तेव्हा एमएच ११ असो वा एमएच ५०, पासिंगआधी आरटीओत विचारून घ्या. वॅट वाढवू नका आणि तोडलेलं टोक पुन्हा जोडता येईल असं ठेवा.

शेवटी नेम. नेहमीचा माल भरून, हवा तपासून गाडी सपाट जागी भिंतीपासून साडेसात मीटरवर उभी करा. फॉगच्या उजेडाची वरची कड लॅम्पच्या मध्यापेक्षा दहा सेंटीमीटर खाली पडली पाहिजे. रिकाम्या गाडीवर नेम धरलात, तर माल भरल्यावर मागचे पाटे दबतात, नाक वर होतं आणि फॉग समोरच्याच्या डोळ्यांत जातात.