ब्राझीलिया : आधी पत्ता वाचायला शिकावे

ब्राझीलच्या मध्य पठारावर, सुमारे १,१०० मीटर उंचीवर वसवलेल्या ब्राझीलियात आम्ही चार दिवस राहिलो आणि त्यातला पहिला अर्धा दिवस माझ्या अडाणीपणापायी फुकट गेला. हातात 'एस.क्यू.एस. ३०८' असा पत्ता होता आणि मी रस्त्याचे नाव शोधत हिंडत होतो. लुसिओ कोस्टा यांनी आखलेल्या आणि २१ एप्रिल १९६० रोजी राजधानी झालेल्या या शहरात निवासी भागाचे पत्ते आकड्यांतच असतात. शहराचा आराखडा विमानासारखा असून त्याच्या दोन निवासी बाजूंना उत्तर आणि दक्षिण 'पंख' म्हणतात. 'एस.क्यू.एस.' म्हणजे दक्षिण पंखातला सुपरक्वाद्रा, अर्थात निवासी चौक. शतकस्थानचा अंक विषम असेल तर मुख्य महामार्गाच्या पश्चिमेला, सम असेल तर पूर्वेला. आणि शेवटचे दोन अंक केंद्रापासूनचा क्रम सांगतात. एवढे कळल्यावर कुणालाही काही विचारावे लागले नाही.

खरे ब्राझीलिया मला या चौकांतच भेटले. जास्तीत जास्त सहा मजल्यांच्या इमारती खांबांवर उचललेल्या असल्यामुळे खालून कुणीही जाऊ शकतो, आणि दाट झाडीमुळे दुपारीसुद्धा चालवते. ३०८ च्या शेजारीच, वास्तुविशारद ऑस्कर निमायर यांचे छोटेसे फातिमा चर्च आणि त्यावरच्या आतोस बुल्काव यांच्या निळ्या-पांढऱ्या फरशा अवश्य पाहाव्यात.

याउलट दूरदर्शन मनोऱ्यापासून तीन सत्तांच्या (संसद, सर्वोच्च न्यायालय आणि राष्ट्राध्यक्ष यांच्या) चौकापर्यंतचे सुमारे ४ किलोमीटर उघड्या उन्हात पायी जाण्याचा हट्ट धरू नये. तेथील अंतरे मोटारीच्या हिशेबाने ठरवलेली आहेत. बसने किंवा टॅक्सीने तुकड्या-तुकड्यांत जावे. संसद, एकसारख्या मंत्रालयांची रांग वगैरे बाहेरून पाहून पुरते, पण १६ वक्र स्तंभांच्या कॅथेड्रलला वेळ द्यावा. अंधाऱ्या भुयारी वाटेने आत शिरल्यावर रंगीत काचांतला प्रकाश एकदम अंगावर येतो, म्हणून ते ऊन असतानाच पाहावे.

मेट्रो केंद्रातल्या बसस्थानकापासून दक्षिण पंखातून जाते. उत्तर पंखासाठी बसच धरावी लागते. मे ते सप्टेंबर पाऊस जवळजवळ नसतो. मात्र ऑगस्टच्या सुमारास हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात, तेव्हा पाण्याची बाटली सतत जवळ असावी. मुक्कामात एक रविवार येईल असे पाहावे, कारण त्या दिवशी दोन्ही पंखांना जोडणारा मुख्य महामार्ग वाहनांना बंद असतो आणि एरवी ओलांडायलाही भीती वाटणाऱ्या त्या रस्त्यावर मुले सायकली चालवत असतात.