तीन घरांचा तालुका

परभणीहून तपोवन एक्स्प्रेसनं संभाजीनगरला निघालो होतो, डोळे दाखवायला. परतूरच्या अलीकडे गाडी क्रॉसिंगला थांबली आणि थांबलीच. एकेरी लाइनीवर यात नवल नाही. आमच्याकडचा माणूस गाडीचं वेळापत्रक पंचांगासारखं बघतो. मुहूर्त कळतो, पुढचं आपल्या हातात नसतं.

समोरच्या बाकावर दहा-अकरा वर्षांचं एक पोरगं होतं. आई खिडकीला डोकं टेकून झोपलेली. पोरगं मांडीवर पुस्तक घेऊन चौकोनांत आकडे भरत होतं. मला वाटलं सुडोकू असेल. पेपरातलं सुडोकू मी रोज चहाबरोबर सोडवतो, निदान सुरू तरी करतो. म्हणून जरा वडीलकीच्या सुरात म्हणालो, "तिथं तीन टाक."

पोरानं वर पाहिलं. "काका, तुम्ही अंदाजे टाकायलाव. असं नसतंय याच्यात."

पाटबंधारे खात्याच्या लेखाशाखेत तीस वर्षं आकडे जुळवून निवृत्त झालेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. गाडी हलायचं नाव घेत नव्हती, पळून जायलाही वाट नव्हती. म्हटलं, सांग बाबा कसं असतंय ते.

त्यानं सांगितलं. चार ओळी, चार रकाने. एक ते चार हे अंक प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक रकान्यात एकदाच यायचे. इथपर्यंत सुडोकूचंच भावंड. पण आयता दिलेला अंक जवळजवळ एकही नाही. त्याऐवजी जाड रेघांनी दोन-दोन, तीन-तीन घरं एकत्र बांधलेली, आणि प्रत्येक गटाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एक खूण. '७+' म्हणजे या घरांतल्या अंकांची बेरीज सात. '१२×' म्हणजे गुणाकार बारा. वजाबाकी आणि भागाकार दोनच घरांत, आणि मोठ्यातून लहान. आधी कोणता लिहिला याला महत्त्व नाही.

"ह्याला केज म्हणतेत," जाड रेघेवर पेन्सिल फिरवत तो म्हणाला.

"केज बीड जिल्ह्यात आहे," मी म्हणालो. "आमचे साडू असतात तिथं."

तो हसला नाही. साडू म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नसावं. मला मात्र तो शब्द चिकटला तो चिकटलाच. तेव्हापासून आमच्या घरात त्या जाड रेघांच्या गटांना तालुका म्हणतात आणि पूर्ण चौकटीला जिल्हा. परभणी जिल्ह्यात नऊ तालुके आहेत; चार बाय चारच्या कोड्यातही बहुधा सात-आठ निघतात. हिशोब फार लांब जात नाही.

जालन्याला उतरायच्या आधी पोरानं पुस्तकातलं एक पान फाडून माझ्या हातात दिलं. सहा बाय सहाचं. "हे लई अवघड हाय. तुम्ही घरी करा." आई जागी होऊन पिशव्या गोळा करत त्याला ओढायला लागली होती. घाईत पान फाडलं, त्यामुळे खालचा उजवा कोपरा पुस्तकातच राहिला. तेव्हा माझं तिकडं लक्ष नव्हतं.

या कोड्याचं नाव केनकेन. जपानमधले गणिताचे शिक्षक तेत्सुया मियामोतो यांनी २००४ साली ते आपल्या विद्यार्थ्यांसाठी तयार केलं. न शिकवता शिकवायचं, अशी त्यांची तऱ्हा. कोडं पुढ्यात ठेवायचं आणि आपण गप्प बसायचं. गप्प बसणारे मास्तर आम्हालाही होते, पण त्यांच्या हातात छडी असे. जपानीत 'केन' म्हणजे शहाणपण, तेव्हा केनकेन म्हणजे शहाणपणाचा वर्ग, गणितातला वर्ग. २००८ मध्ये लंडनच्या आणि २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या बड्या वर्तमानपत्रात ते छापून यायला लागलं. परभणीला माझ्यापर्यंत पोचायला त्याला क्रॉसिंग लागलं.

भाच्यानं मला चार बाय चारची पंधरा-वीस पानं छापून दिली. पहिल्या दिवशी लक्षात आलं की मला पाढे येतात ते एकाच दिशेनं. तीन चोक बारा हे झोपेतून उठवलं तरी सांगेन. पण बारा समोर ठेवून 'हे कुठून आले?' असं विचारलं की डोकं अडतं. बे सक बारा, तीन चोक बारा. आणि घरं तीन असतील तर एक-दोन-सहा, एक-तीन-चार. शाळेत आम्हाला पाढ्यांची ये-जा शिकवलीच नव्हती, नुसती जा.

मग हळूहळू काही गोष्टी बोटांत बसल्या. सहा बाय सहामध्ये दोन घरांची बेरीज अकरा म्हणजे पाच आणि सहाच. वजाबाकी पाच म्हणजे एक आणि सहाच. गुणाकार वीस म्हणजे चार पंचे वीस, दुसरं काही नाही. कोणता अंक कुठल्या घरात ते ठरत नाही, पण ते दोघं त्या दोन घरांत अडकले हे ठरतं, आणि त्या ओळीतल्या बाकीच्या घरांतून ते बाद होतात. लग्नाच्या मांडवात वरमाई आणि वरबाप कुठल्या दोन खुर्च्यांवर बसणार ते माहीत असलं की पुरे. कोण डावीकडे ते नंतर बघू. बाकीच्यांनी तिथं रुमाल टाकायचा नाही.

आता माझी फजिती. पाचव्या की सहाव्या पानावर तीन घरांचा एक तालुका होता, काटकोनात वळलेला, खूण '४×'. मी गणित मांडलं. एक ते चारमधले तीन अंक घ्या. त्यांचा गुणाकार कमीत कमी एक गुणिले दोन गुणिले तीन, म्हणजे सहा. चार येऊच शकत नाही. मी पुन्हा मांडलं, पाटीवर मांडलं, दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या डोक्यानं मांडलं. मग भाच्याला फोन करून सांगितलं, की बाबा, छापण्यात चूक आहे. लेखाशाखेतला माणूस सगळ्यात आनंदी कधी असतो, तर दुसऱ्याची चूक सापडल्यावर. त्या आनंदात मी दोन दिवस होतो.

दुसऱ्या दिवशी रात्री बायको जेवायला बोलवायला आली. "अहो, उठा की आता, भाकर गार व्हायली." मी तिला हे छापखान्याचं अज्ञान दाखवलं. तिनं चष्मा वर केला, तालुका पाहिला आणि म्हणाली, "एक, एक आन् चार."

"एक दोनदा कसा येईल?"

"असं कुठं लिवलंय?"

मी नियम वाचला. ओळीत एकदाच, रकान्यात एकदाच. तालुक्यात एकदाच, असं कुठंही नव्हतं. तालुका वळलेला असला तर त्याच्या दोन टोकांची घरं ना एका ओळीत येतात, ना एका रकान्यात. तिथं तोच अंक दोनदा आला तर कुणाची हरकत नाही. नियम माझा मीच केला होता, सुडोकूच्या सवयीनं, आणि त्यावर दोन दिवस छापखान्याला शिव्या घातल्या. भाकर गार झाली होती. तिनं परत शेकून दिली, काही बोलली नाही. ते जास्त लागलं.

मग वाचताना एक गोष्ट सापडली आणि जरा बरं वाटलं. प्रत्येक ओळीत आणि रकान्यात एकेकदाच अंक येणाऱ्या अशा चौकटीला लॅटिन चौकट म्हणतात. अठराव्या शतकातला थोर गणिती ऑयलर तिच्या नादी लागला होता. सहा पलटणींतले सहा-सहा हुद्द्यांचे छत्तीस अधिकारी चौकोनात असे उभे करायचे, की प्रत्येक ओळीत आणि रकान्यात प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकदाच यावा. म्हणजे दोन लॅटिन चौकटी एकमेकींवर ठेवायच्या, आणि जोडी एकही पुन्हा येऊ द्यायची नाही. ऑयलरला ते जमेना. १७८२ साली त्यानं म्हणून टाकलं, की सहाच्याच नव्हे, दहाच्या, चौदाच्या, अठराच्या, अशा त्या मालिकेतल्या कुठल्याच चौकटीला हे जमणार नाही. सहाचं खरं निघालं. ते १९०१ मध्ये तॅरी नावाच्या फ्रेंच माणसानं एकेक शक्यता तपासून दाखवलं. पण पुढचं सगळं १९५९ मध्ये खोटं ठरलं. ठरवणारे तिघं: बोस, पार्कर आणि आपले शरच्चंद्र शंकर श्रीखंडे. दहा बाय दहाची चौकट त्यांनी बांधूनच दाखवली. अमेरिकेतल्या पेपरात पहिल्या पानावर बातमी आली. श्रीखंडे नंतर मुंबई विद्यापीठात शिकवत होते आणि २०२० साली, वयाची शंभरी ओलांडून गेले. ऑयलरचं म्हणणं टिकलं एकशे सत्त्याहत्तर वर्षं, माझं दोन दिवस. मी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांच्या घरी कुणी इचारलं नसंल."

सहा बाय सहाकडे वळलो तेव्हा मात्र एक युक्ती माझी मला सुचली, आणि ती सुचली आमच्या अण्णांमुळे.

अण्णा मोंढ्यात एका आडतीवर मुनीम होते. गादीवर उकिडवे बसून लाल कापडाच्या वहीत रोजमेळ लिहीत. आरंभीची शिल्लक, जमा, नावे, अखेरची शिल्लक. संध्याकाळी मेळ लागला नाही तर दुकानाचं शटर खाली येत नसे. एखादी नोंद राहिली असेल तर ती आठवत बसायचे नाहीत. म्हणायचे, एकूण किती व्हायला पाहिजे ते माहीत आहे ना, मग बाकीच्या सगळ्याची बेरीज करा, जे कमी पडतंय तेच राहिलंय. ते काय होतं ते नंतर आठवतं.

सहा बाय सहाची कुठलीही ओळ घ्या. एक ते सहा मिळून एकवीस. हा रोजचा मेळ, बदलत नाही. समजा ओळीत दोन घरांचा तालुका आहे '७+', आणि तीन घरांचा '९+'. सहावं घर खालच्या ओळीतल्या तालुक्यात गेलेलं. सातात एक-सहा आहेत की तीन-चार, ठाऊक नाही. नवात कोण आहे, तेही नाही. पण सात आणि नऊ सोळा. एकवीसमधून सोळा गेले, पाच. सहाव्या घरात पाच. पाच घरं अंधारात आणि सहावं लख्ख. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी खुर्चीतून उठून अंगणात एक चक्कर मारून आलो.

अण्णांचा एक खेळ होता. रात्री लाइट गेली की ओट्यावर बसून विचारायचे. "पंधरा रुपये गेले. नग किती, भाव काय?" आम्ही ओरडायचो, पंधरा नग, एक रुपया. ते म्हणायचे, "दहा असले तर?" दीड रुपया. "सहा?" अडीच. "वीस?" पाऊण रुपया, हे उत्तर थोरल्या भावालाच यायचं, कारण पाऊणकी त्यालाच पाठ होती. सवायकी, दिडकी, औटकी असले पाढे तोवर शाळेतून गेलेच होते. आमच्याकडे ते अण्णांच्या तोंडून राहिले. सगळी उत्तरं बरोबर, आणि आम्ही गोंधळलेले. मग ते दुसरी खूण द्यायचे. "नग डझनानं घेतले." झालं, बारा नग, सव्वा रुपया, बाकी सगळे बाद. तेव्हा आम्हाला वाटायचं अण्णा मुद्दाम अर्धंच सांगतात. मुद्दामच सांगत होते.

अण्णा कानामागे पेन्सिल ठेवत, पण वहीत शाईनंच लिहीत. रोजमेळात खोडाखोड चालत नसे. चुकलं तर वरून एक रेघ आणि बाजूला सही. मीही नोकरीत तसाच वागलो. केनकेनमध्ये मात्र घराच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात शक्यता लिहाव्या लागतात, दोन किंवा पाच, एक किंवा तीन किंवा सहा, आणि एकेक खोडत जायचं. पहिले काही दिवस रबर हातात धरताना अपराधी वाटायचं. आता बायकोनं माझ्यासाठी दोन रबरं आणून ठेवलीत, एक टेबलावर, एक उशाशी.

पोरानं दिलेलं पान मी सगळ्यात शेवटी घेतलं. सहा बाय सहाची लॅटिन चौकट ८१,२८,५१,२०० तऱ्हांनी भरता येते. कोड्यात मात्र त्यातली एकच चालते, खुणा तेवढ्यासाठीच असतात. चार दिवस लागले. तीस घरं भरली, खात्री करून, एकही अंदाजे न टाकता. उरलेली सहा दोन तऱ्हांनी बसतात. मी दोन्ही तऱ्हा वेगवेगळ्या कागदांवर मांडून पाहिल्या. ओळी बरोबर, रकाने बरोबर, एकवीसचा मेळ दोन्हीकडे लागतो. त्या भागात वजाबाकीचे तालुके आहेत, आणि वजाबाकीला दोन्ही चालतात. निकाल लावणारी खूण खालच्या उजव्या कोपऱ्यात होती. तो तुकडा जालन्याला उतरलेल्या एका पुस्तकात आहे.

परवा पुन्हा तपोवननं जायचंय, डोळ्याचं दुसऱ्यांदा दाखवायला. दोन्ही कागद घडी करून खिशात ठेवलेत.